कडी मातीकडं

१

दिंद्रुडच्या पेठेत चन्नप्पाचं किराणा दुकान आहे. दुकान सकाळी आठला उघडतं आणि चन्नप्पाचा राग साडेसातला. तुरीच्या डाळीत खडा निघाला तर गिऱ्हाइकाच्या आधी तोच चिडतो, आणि डाळीवर नाही, खड्यावर चिडतो: तू इथं आलासच कसा? एकदा तो तराजूशी भांडताना मी पाहिलाय. शेवटी तराजूनंच मान खाली घातली. अशा माणसाबद्दल बोलताना दोन शब्द वाढवून सांगायचा मोह होतो, आणि मला तर ती खोड जन्मापासूनची. पण पुढचं जसं झालं तसं आहे. खोटंच सांगायचं असतं तर मी शेवट बरा केला असता.

चन्नप्पाचं घर गावाच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी. तीन खोल्या, वर स्लॅब, मागं अंगण, अंगणात एक लिंब. अंगणाला लागून वरच्या अंगाला रामकिसनचा प्लॉट. रामकिसन म्हणजे चाळीस एकरांचा धनी, पंचायतीत दोनदा निवडून आलेला, चन्नप्पाचा शाळेतला जोडीदार. तीन वर्षांमागं त्यानं तो खोलगट प्लॉट टिप्परनं माती आणून भरून घेतला, ट्रॅक्टरसाठी शेड घालायचं म्हणून. शेड काही उभं राहिलं नाही. माती मात्र चालायला लागली. दर पावसाळ्यात ती अंगणात हातभर पुढं यायची. यंदा ती मागच्या खोलीच्या भिंतीला येऊन टेकली. भिंतीला खिडकीपर्यंत ओल चढली, आणि संक्रांतीच्या आठवड्यात खिडकीतून दोन विंचू आत आले.

मागची खोली ईश्वरीची. चन्नप्पाची ती एकुलती एक लेक, लातूरला दिलेली. सातवा महिना चालू होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती पंधरा दिवसांनी यायची होती.

चन्नप्पा रामकिसनच्या दारात गेला.

"रामकिसन, तुझी माती माझ्या घरात यायलीय."

"येऊ दे की. मातीच हाय, पाव्हणी न्हाई. चहा मागत न्हाई."

"लेक यायलीय माझी. विंचू निघायलेत त्यातून. तू बांध कावून घालत न्हाईस बे?"

रामकिसननं दातातली सुपारी काढली. "हे बघ वाण्या, माती खाली जाती. वर आली असती तर मीच घातला असता. ज्याच्याकडं जाती त्यानं अडवावी."

चन्नप्पा घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. गंगासागरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. कानांवरून तिला सगळं कळायचं.

२

दगडी बांधाला गवंडी महिना मागत होता. चन्नप्पाला अचानक फळ्या आठवल्या.

पेठेतलं त्याचं दुकान आता शटरचं आहे, पण त्याचे वडील, सोमेश्वर अप्पा, होते तोवर ते फळ्यांचं होतं. बुटकं दुकान. ओटा उंच, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं, अप्पा आत गादीवर मांडी घालून. दुकानाचं तोंड चार फूट उंच, आणि ते सागाच्या नऊ फळ्यांनी बंद व्हायचं. वर खाच, खाली खाच. एकेक फळी सरकवत न्यायची. प्रत्येकीवर पटाशीनं नंबर कोरलेला, कारण एकीची जागा दुसरीला चालत नाही. नववी शेवटची, तिला कडी. बंद करणारा रस्त्यावर उभा राहून कडी लावतो, कुलूप घालतो, तीनदा ओढून बघतो. सकाळी तिथंच उभा राहून उघडतो, नऊ, आठ, सात असं उलट. तीन नंबरची फळी फुगलेली होती. तिला तळहाताच्या टाचेनं दोन ठोके आणि मग कुशीनं एक धक्का, तेव्हा ती हलायची. हे फक्त अप्पांना आणि चन्नप्पाला जमायचं.

अप्पांनी शटर लावू दिलं नाही. "शटर वरडतंय," म्हणायचे. "दुकान वरडत उघडू नये." ते गेले आणि वर्षभरात शटर आलं. फळ्या चौकटीसकट घरामागच्या पत्र्याखाली पडल्या. सहा वर्षं वाळवीनंसुद्धा त्यांना तोंड लावलं नाही.

मुंजाजी सुतार आला. त्यानं बाभळीचे चार खुंट रोवले, मातीचा पुढं आलेला भाग खोऱ्यानं सरळ कापून घेतला, आणि त्या कापाला भिडवून चौकट उभी केली. फळ्यांना जळकं ऑइल पाजलं. छातीएवढा, बेताचा, देखणा बांध. सरकवायची वेळ आली तेव्हा तो थांबला.

"मालक, नंबराचं अंग कुणीकडं करू?"

"मातीकडं."

"कडी मातीकडं जाईल."

"जाऊ दे ना. हिकडं गुळगुळीत अंग राहू दे. पोरगी इथं बाज टाकून बसंल, तिच्या लुगड्याला कडी लागाय नको."

मुंजाजी फळी हातात धरून उभाच राहिला. "दुकानाची फळी हाय, मालक. तिला भाईर आणि आत असतंय. अशी लावली तर भाईर तिकडं व्हतंय."

"तिकडं माती हाय, मुंजाजी. मातीला काय दुकान उघडायचंय का?"

मुंजाजी हसला आणि फळ्या लावायला लागला. शेवटी त्यानं अंगणाच्या बाजूनं आडवी पट्टी ठोकली, सात खिळ्यांनी. आता फळी या बाजूनं निघायची बातच नव्हती. आणि त्या बाजूला माती होती.

३

ईश्वरी शुक्रवारी आली. शनिवारी सकाळी गंगासागर अंगण झाडायला गेली आणि झाडू तसाच धरून परत आली.

"अहो, तुमचा बांध कुठं हाय?"

चौकट होती. पट्टी होती, साती खिळे जागच्या जागी. फळ्या नव्हत्या. त्या वर, रामकिसनच्या प्लॉटवर, एकीवर एक नीट रचलेल्या होत्या. चन्नप्पा भरावावर चढला आणि त्यानं नंबर वाचले. सगळ्यात खाली नऊ, त्यावर आठ, आणि सगळ्यात वर एक. दुकान उघडलं की फळ्या अशाच रचतात.

चौकटीमागची माती मात्र मुंजाजीनं कापली होती तशीच उभी होती. एक ढेकूळ निसटलं नव्हतं.

"वाऱ्यानं गेल्या असतील," गंगासागर म्हणाली.

"वारा नंबर वाचतो का गं?"

"मग कुणी?"

"कुणी म्हणजे? फळ्या कुणाच्या जाग्यात हायत? ह्यो उघड उघड रामकिसनचा चावटपणा हाय. बांध घालायचा न्हाई, आन् दुसऱ्यानं घातला तर काढून ठेवायचा."

त्यानं पट्टी उपसली, फळ्या बसवल्या, पट्टी परत ठोकली. या खेपेला अकरा खिळे. रविवारी सकाळी फळ्या वर रचलेल्या होत्या आणि अकरा खिळे जागेवर होते. सोमवारीही तेच.

सोमवारी मुंजाजीला बोलावलं. तो चौकटीपुढं उकिडवा बसला, खाचेतून बोट फिरवलं, पट्टी चाचपली.

"मालक, ह्या फळ्या हिकडून निघूच शकत न्हाईत."

"ते मलाबी दिसतंय."

"तिकडून निघायच्या तर तिकडं माणूस उभा ऱ्हायाला जागा पायजे."

"मग?"

"मग काय. जागा न्हाई." मुंजाजीनं हत्यारांची पिशवी उचलली. चहा न घेता गेला. सुतार चहा न घेता जातो असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

चन्नप्पाच्या डोक्यात दिवसभर एकच चाललं होतं. रामकिसननं मागून माती उकरली असणार, फळ्या काढल्या असणार, माती परत दाबली असणार. पण मग उकरल्याची खूण? पायाचे ठसे? आणि रामकिसन, ज्याला स्वतःच्या धोतराची गाठ नीट येत नाही, तो रोज पहाटे कशाला एवढी कलाकुसर करेल? विचार जितका लंगडा पडत होता तितका चन्नप्पाचा राग चढत होता. रागाला पाय लागत नाहीत.

४

"तुझ्या फळ्या?" रामकिसन म्हणाला. "माझ्या घरची म्हैस आठ दिवस झाले व्यायला टेकलीय, मी तिच्यापाशी निजायलोय. तुझ्या फळ्याशी खेळायला मी येडा हाय का?"

"मग तुझ्या जाग्यात कशा येतेत?"

"तूच ठेवत असशील. झोपंत चालायची सवय हाय तुला?"

"तोंड सांभाळून बोल बे."

"तू सांभाळ. रोज उठून दारात येऊन बोंबलायलास. माती माझी, विंचू माझा, फळ्या बी मीच काढल्या. आरं, ती माती तरी माझी हाय का?"

चन्नप्पा थांबला. "म्हंजी?"

"म्हंजी काय? तुझीच हाय की. तुझ्या वावराचा रस्त्याकडचा कोपरा गेला न्हाई का रुंदीकरणात? मशीननं तिथली माती काढली, मी टिप्परवाल्याला म्हणलं हिकडं टाक. तुला इचारलं व्हतं मी. तू दुकानात मिरच्या मोजायलतास. म्हणलास, ने की, मला काय करायची."

चन्नप्पाला मिरच्या आठवल्या. त्या लाल ब्याडगी होत्या, आणि त्याला शिंक येत होती. बाकीचंही आठवलं.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात, भोवती विभूती घालतात आणि तसाच मातीत ठेवतात. सोमेश्वर अप्पांनाही वावराच्या त्या कोपऱ्यात, बाभळीखाली बसवलं होतं. पन्नास वर्षं गादीवर बसलेला माणूस, त्याला बसायचं शिकवावं लागलं नाही. रस्ता रुंद व्हायचं ठरलं तेव्हा चन्नप्पानं जंगमाला बोलावून रीतसर पूजा केली आणि समाधीचा दगड वीस पावलं आत सरकवून बसवला.

"दगड आला," जंगम म्हणाला होता. "खालचं?"

"कशाला उगं त्यांना उठवायचं," चन्नप्पा म्हणाला होता.

आठवड्यानं मशीन आलं. मशीनवाल्यानं काही सांगितलं नाही. चन्नप्पानं काही विचारलं नाही. दर सोमवारी तो सरकवलेल्या दगडाला बेल वाहत आला होता, तीन वर्षं.

रामकिसनच्या दारातून तो भांडण अर्धं टाकून निघाला. हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"आरं, झालं काय?" रामकिसन मागून म्हणाला. "म्हशीला काय न्हाई झालं अजून, बरी हाय."

घरी येताना चन्नप्पा स्वतःला समजावत होता. पन्नास टिप्पर माती. पन्नासांतलं एक टिप्पर. त्यातही काय असणार. माती ती माती. आणि समजा असलंच, तर बसलेला माणूस फळ्या कसा काढेल?

या शेवटच्या प्रश्नावर तो भर रस्त्यात थांबला, कारण तो प्रश्न त्यानं विचारलाच कसा याचा त्याला संताप आला.

५

मंगळवारी त्यानं दुपारी दुकान बंद केलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी काठी घेऊन बसला. आज फळ्या सकाळी जागेवर होत्या. याचा अर्थ चोर वेळ बदलतोय, असं त्यानं गंगासागरला सांगितलं.

"चोर काय नेतोय पण?" ती म्हणाली. ती शेंगा फोडत होती.

"नेत न्हाई, हाच तर चावटपणा हाय."

ऊन असं पडलं होतं की लिंबाची सावलीसुद्धा हलत नव्हती. ईश्वरी मागच्या खोलीत झोपली होती, पंख्याचा आवाज येत होता. शेंगांचा कट्‌कट् आवाज. कुठं कुत्रं नाही, कुठं मोटरसायकल नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले.

अप्पा दुपारी बाराला फळ्या लावून जेवायला घरी यायचे आणि बरोबर तीनला दुकान पुन्हा उघडायचे. चन्नप्पाला हे त्या क्षणी आठवलं नाही. त्याला आधी आवाज आला.

कडी पडल्याचा. लोखंडावर लोखंड, मातीच्या आतून.

मग शेवटची फळी मागं गेली. पुढं नाही, वर नाही, मागं. तिच्या जागी उभी काळी फट राहिली. मग आठवी गेली. मग सातवी. घाई नाही, ओढाताण नाही, रोजच्या कामाला हात बसलेला असतो तशी एका लयीत. चन्नप्पा मोजत होता हे त्याला ओठ हलल्यावर कळलं. सहा. पाच. चार.

मग थांबलं.

ठक. ठक. आणि कुशीचा एक धक्का.

तिसरी फळी गेली.

"कोण हाय बे तिकडं?" चन्नप्पा ओरडला, आणि काठी घेऊन मागच्या दारानं धावला. खिडकीतून अंगण दहा पावलांवर दिसतं, पण दाराकडून जायला खोलीला वळसा पडतो. तो वळसा घालून तो आला तेव्हा नऊही फळ्या गेल्या होत्या आणि चौकट मोकळी होती.

मागच्या मातीत एक पोकळी होती.

कुणी उकरलेली नव्हती. खोऱ्याची धार कुठं लागलेली नव्हती. आतून गुळगुळीत, मडक्यासारखी. वर डोक्याची गोलाई, मग खांदे, मग पाठ, आणि खाली पुढच्या बाजूला दोन गोल खळगे, जिथं मांडी घातलेल्या माणसाचे गुडघे येतात. तळाशी पांढरट काहीतरी भुरभुरलेलं होतं.

पोकळी रिकामी होती.

चन्नप्पानं काठी खाली ठेवली आणि आत हात घातला. का घातला ते त्याला आजही सांगता येत नाही. माती गार असायला हवी होती. ती कोमट होती. गादीवरून माणूस नुकताच उठला की गादी असते तशी.

उठला, तर गेला कुठं?

मागच्या खोलीतून आवाज आला. कट. आणि मग थोडा जाड, कट. सोमेश्वर अप्पा बसायला लागले की त्यांचे गुडघे असे वाजायचे, दोन्ही वेगवेगळ्या सुरात. चन्नप्पा लहान असताना त्यावरून त्यांची नक्कल करायचा.

६

ईश्वरी बाजेवर उठून बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता.

"बाबा, कावून पळायलात? काय झालं?"

"काय न्हाई. झोप तू."

"झोपच लागली व्हती चांगली. अज्जा आलते."

"कोण?"

"सपनात हो. अज्जा. हितं पायथ्याला बसलते, गादीवर बसायचे तसे. मला वळखलं बी न्हाई आधी. गिऱ्हाईक समजले वाटतं." ती हसली. "मग इचारायले, दुकानावर कोण बसणार."

"मग? तू काय म्हणलीस?"

"मी काय म्हणणार. म्हणलं, हे बसंल की." तिनं पोटावर हात ठेवला. "लई खूष झाले. मान डोलावली अन् उठून गेले."

बाजेच्या पायथ्याशी गादी खोल दबली होती. तिथं चिमूटभर पांढरी राख होती. ईश्वरीनं पाहायच्या आत चन्नप्पानं ती तळहातानं पुसली आणि गादी थोपटून सारखी केली.

"गादी लई जुनी झाली," तो म्हणाला. "बदलून टाकू."

तो अंगणात आला. नऊही फळ्या जागेवर होत्या. पट्टी ठोकलेली, अकरा खिळे. त्याची काठी मातीत पडली होती तशीच पडली होती.

त्यानं पहारीनं पट्टी उचकटली आणि नऊ, आठ, सात करत पाच नंबरपर्यंतच्या फळ्या ओढून काढल्या. पोकळी होती. आणि तिच्या डाव्या हाताला, मघाशी नसलेली, अजून एक होती. तिलाही डोकं होतं, पाठ होती, गुडघ्यांचे दोन खळगे होते, प्रत्येक अंगठ्याएवढा. अख्खी मिळून वीतभर. माती ताजी होती, ओली.

७

चन्नप्पानं आयुष्यात खूप राग केला, पण तो सगळा किरकोळ विक्रीचा होता. त्या दुपारी घाऊक माल निघाला.

"मी काय मेलोय का?" तो मातीला म्हणाला. आवाज चढवला नाही. गंगासागर सांगते, आवाज चढवला नाही म्हणूनच ती शेंगा टाकून दारात आली. "पंधरा वर्षाचा असल्यापासून बसलोय मी त्या दुकानावर. चाळीस वर्षं. माझी मांडी झिजली. आन् तुमी पोटातल्या लेकराला इचारायलात, कोण बसणार म्हणून? मला इचारलं का कदी? एकदा तरी?"

चन्नप्पा मातीपुढं तसाच उभा राहिला, उत्तर येईपर्यंत हलायचं नाही असा. शेवटी त्यालाच खाली बघावं लागलं. आपण काय काय विचारलं नाही ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीला त्यानं बीडला पाठवलं, गंगासागरच्या भावाकडं, वीरेशकडं. गंगासागर दोन दिवस जेवली नाही. पहिलं बाळंतपण, आणि बापाचं घर असून पोरगी मामाच्या दारात. पेठेत लोक शटरपुढं उभं राहून विचारायचे, आणि चन्नप्पा सांगायचा, खोलीला ओल हाय. त्याला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. वाण्याला लेकीचं बाळंतपण झेपलं नाही, असं पाठीमागं म्हणाले.

मग त्यानं जंगमाला आणलं आणि रामकिसनला विचारून भराव खणला. रामकिसन स्वतः खोरं घेऊन आला. छातीएवढं खोल गेले. माती निघाली, मुरूम निघाला, बाभळीचं एक मूळ निघालं. उचलून न्यावं असं काहीच निघालं नाही, बोटाएवढं हाडसुद्धा नाही. जंगम खड्ड्यापाशी वाकला आणि म्हणाला, "नेऊ काय? हितं कुणी न्हाईच." माती परत लोटली, धुमसली. दुसऱ्या दिवशी फळ्या काढून बघितलं तर दोन्ही पोकळ्या होत्या तिथं होत्या.

तेव्हा त्यानं मुंजाजीला बोलावून फळ्या फिरवल्या. नंबर अंगणाकडं, कडी अंगणाकडं. नवव्या फळीला कुलूप. आता भाईर हिकडं आलं. ते उघडायचं तर चन्नप्पानंच उघडायचं.

"हे आधीच ऐकलं असतं तर," मुंजाजी म्हणाला.

"चहा घेऊन जा," चन्नप्पा म्हणाला.

ईश्वरीला मुलगी झाली, धडधाकट. नाव रुद्राणी ठेवलं. ती आता पाच महिन्यांची आहे आणि दिंद्रुडचं अंगण तिनं अजून पाहिलेलं नाही. ईश्वरी फोनवर विचारते, बाबा, आमी कदी यायचं? तो म्हणतो, बांध पक्का झाला की.

बांध असा पक्का होतो. रोज पावणेतीनला चन्नप्पा शटर ओढून घरी येतो. पत्र्याखालची अप्पांची जुनी गादी काढतो, फळ्यांपुढं टाकतो आणि फळ्यांना पाठ लावून मांडी घालून बसतो. पाचपर्यंत. उठताना कुलूप काढतो, फळ्या उलट्या क्रमानं सरकवत पाच नंबरच्या फळीपर्यंत येतो, आणि आत वितीचं माप घालतो. तो पहिल्या दिवशी बसला त्या संध्याकाळी बारकी पोकळी बोटभर भरली होती. आपोआप, तळापासून. मधे एकदा मांजरसुंब्याला लग्नाला जावं लागलं आणि एक दिवस चुकला. ती दोन बोटं खोल गेली. तेव्हापासून तो कुठल्याच लग्नाला जात नाही. भर पावसात प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बसलेला गावानं पाहिलाय.

"काय बे वाण्या," रामकिसन वरून म्हणतो, "बांध पडंल म्हणून टेकू देऊन बसलास का?"

"हो," चन्नप्पा म्हणतो. "पडंल."

रामकिसन हसायचा. हल्ली हसत नाही. परवा तो वरच्या कडेला येऊन थोडा वेळ उभा राहिला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि म्हशीला हाक मारत निघून गेला.

बारकी पोकळी आता भरत आलीय. नखभर खळगा उरलाय. दिवाळीपर्यंत जाईल, असा चन्नप्पाचा हिशेब आहे, आणि दिवाळीला लेक नातीला घेऊन येईल. मोठी मात्र रुंद व्हायलीय. त्याबद्दल तो गंगासागरशी बोललेला नाही. डाव्या अंगाला ती एवढी सरकलीय की आता त्यात दोघं मांडीला मांडी लावून बसतील.

तीन वाजले की कडी आपल्या आपण थरथरते, कुलूप तिला धरून ठेवतं. मग फळीवर, चन्नप्पाच्या पाठीमागं, तळहाताच्या टाचेचे दोन ठोके पडतात. मग कुशीचा धक्का. फळी हलत नाही, कारण तिला त्याची पाठ आहे. मग जरा वेळानं कट, आणि मग थोडा जाड, कट, आणि सागाच्या दीड इंची फळीतून दोन गुडघे त्याच्या पाठीला येऊन टेकतात.

चन्नप्पा मागं वळून बघत नाही. कान लाल होतात, एवढंच.

"सरका जरा मागं, अप्पा," तो म्हणतो. "बसलोय न्हवं मी."